झटका मशीन बंद ठेवा

आभाळापलीकडून एखादा कण सुसाट येतो, वरच्या हवेवर आदळतो आणि त्याचे लाखो कण होऊन खाली बरसतात. त्या बरसण्यातून रेडिओची एक बारीक ठिणगी निघते. पापणी लवायच्या कितीतरी आधी विझूनही जाते. ती धरायला गोरेगाव तांड्याच्या वरच्या माळावर अँटेना उभ्या केल्या होत्या. त्यांची राखण आणि नोंद बघायचं काम तांड्यातल्याच शिवकन्येकडे होतं.

अडचण एकच. रानडुकरांसाठी शेताशेतांत तारेला झटका मशीन जोडलेली. त्या झटक्यानं डुक्कर दचकून पळतं, मरत नाही. पण मशीनचा एकेक ठोका अँटेनेत आभाळाच्या ठिणगीसारखाच उमटायचा. म्हणून शिवकन्या घरोघर हात जोडत फिरली. "काका, एवढा महिना बंद ठेवा."

"अन् डुकरानं हरबरा खाल्ला तर? तुह्या आभाळातून हरबरा पडून राहिला काय?" देविदासकाका हसले होते. पण पोरीच्या शब्दाला मान दिला.

त्या दिवशी दिवेलागणीला नोंदीच्या पडद्यावर एकही ठोका नव्हता. शिवकन्येनं मनोमन देवीचं नाव घेतलं. तेवढ्यात वारा सुटला आणि काकांच्या शेताकडच्या अँटेनेत खरखर उठली. थांबली. पुन्हा उठली. तिनं ती जवळून पाहिली. ही मशीनची नव्हे, घरात येणाऱ्या विजेची थरथर होती. गवत तारेला टेकलं की खरखर, सुटलं की गप्प.

तारेत थेट लाईनचा करंट होता.

आणि काकांच्या पत्नी जिवनबाईकाकी याच वेळी त्याच शेताच्या बांधावरच्या देवीला दिवा लावायला जायच्या. नातवासाठी नवस बोललेल्या, म्हणून अनवाणी.

काकांचा फोन नुसता वाजत राहिला. शिवकन्या ढेकळं तुडवत धावत सुटली.

"काकी! जागच्या हालू नका!"

जिवनबाई तारेपासून दोन हातांवर थबकल्या. हाताआड दिवा. "काहून वं? इझल ना दिवा."

"तारेत करंट हाय!"

ओरडा ऐकून देविदासकाका खोपीतून धावत आले. कोरड्या बांबूनं त्यांनी खांबावरचा आकडा ओढून पाडला. तोंड राखेसारखं झालं होतं. "लाईट नव्हती म्हून आकडा टाकून ठिवला. ही दिवा लावून घरी जाईल, मंग लाईट येईल, असं वाटलं. आज आधीच आली." मग आवाज चढला. "मशीन तूच बंद कराया लावली. मंग रान कशानं राखावं आमी?"

जिवनबाई खाली बसल्या.

शिवकन्येनं हळूच विचारलं, "काका, आकडा तुमी एकट्यानंच टाकला?"

काका आकड्याची तार गुंडाळू लागले.

"काका!"

"शेजारच्या प्रेमदासनं दाखवलं मला कसं जोडायचं ते." त्यांनी अंधारून आलेल्या उताराकडं हात केला. "खालच्या शेतातल्या हरिचंदनंबी जोडलं. ज्याची ज्याची मशीन तू बंद केली, समद्यायनंच."

खालच्या नाल्याकडून बायकांचं हसणं ऐकू आलं. डोक्यावर चाऱ्याचे भारे घेऊन त्या तारांच्या कडेकडेनं, बांधाबांधानं तांड्याकडं परतत होत्या.

शिवकन्येनं जीव एकवटून हाक मारली. वारा तोंडावर येत होता. हसणं थांबलं नाही. वर वर, जवळ जवळ येत राहिलं.