माझ्यातला पऱ्हाटीचा धूर

मी एक अर्धी रिकामी बाटली आहे. माझ्या पोटात मक्याची परदेशी दारू आहे. तिला बर्बन म्हणतात. मित्रांनो, मला ओळखण्यासाठी ती प्यायची गरज नाही. प्यायलेल्यांनी तरी मला कुठे ओळखलं!

माझा जन्म अमेरिकेतला. मका आंबवून गाळला आणि आतून जाळलेल्या लाकडी पिंपात काही वर्षं निजवला. त्यात मूठभर मोड आणलेले जवही होते, दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुरात वाळवलेले. तेवढ्याशा धुराचा मला फार अभिमान होता.

मला पाचोऱ्याला आणलं स्वप्नीलने. वडिलांसाठी नव्हे, वडिलांसमोर मिरवायला. त्याचे वडील हेमराजआबा. चाळीस हिवाळे गावच्या भरीत पार्ट्यांना वांगी भाजणारे. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाटीवर, वांगं कधी उलटायचं हे ते नुसत्या वासावरून सांगत.

त्या दिवशी स्वप्नीलचे मित्र ग्लास गोल फिरवत जड जड शब्द बोलत होते. आबांनी चार थेंब तळहातावर चोळले, हुंगले, मग जिभेला लावले.

"पहिले गोड मका लागस," ते म्हणाले, "मंग पऱ्हाटीना धूर येस."

"आबा, दारू आहे ही. भरीत नाही!"

"थांब, आता मिरच्या ठेचतील यात," स्वप्नीलचा मित्र हिलाल म्हणाला. सगळे हसले.

आबांनी हात पायजम्याला पुसला. शेजारी बसलेल्या आपल्या मुलीला, सुलक्षणाला, हळूच विचारलं, "माय, मी काई चुकीचं बोलनू का?"

मित्रांनो, त्या खोलीत मला बरोबर ओळखणारा तो एकटा माणूस होता.

फाल्गुनात आबा गेले. दुखवटा संपवणारे गंधमुक्तीचे विधी आटोपून पाहुणे पांगले, तेव्हा स्वप्नीलने मला कपाटातून काढलं. "आबांच्या नावाने एकेक घोट," म्हणत हिलालचा ग्लास भरला. मग डोळे मिटून म्हणाला, "आधी गोड मका, मागून पऱ्हाटीचा धूर. हे माझं निरीक्षण हं. ग्रुपवर टाकलं, लोक खूश झाले."

पाहुण्यांचे पाण्याचे तांबे गोळा करणारी सुलक्षणा थांबली.

"ते आबांचं वाक्य आहे."

"असेल गं. त्यांना कुठे कळत होतं यातलं?"

"हिलालभाऊ, तुम्ही होतात तिथे. हसला होतात."

हिलालने ग्लास खाली ठेवला.

स्वप्नीलने चिडून मला तिच्यापुढे सरकवलं. "घे, बाटली तुलाच. झालं समाधान?"

"बाटली नको. वाक्य परत दे. आबा म्हणाले, एवढं म्हण."

तो म्हणाला नाही.

आता मी जळगावला त्याच्या काचेच्या कपाटात आहे. तो मला मऊ फडक्याने पुसतो, उन्हापासून जपतो, बूच घट्ट लावतो. वस्तूंची निगा राखा, असं माझ्यासारखीने शेवटी सांगायचं असतं. मी सांगणार नाही. वस्तूंची निगा तो उत्तम राखतो. मित्रांनो, तुम्ही माणसाचं बोलणं त्याच्या नावानिशी सांभाळा. तेवढं जमत नसेल, तर मला हात लावू नका.