श्रीलंकेतली लाली आणि माझा नंबर

मित्रांनो, या, जवळ या, फक्त सायलेन्सरला हात लावू नका, आत्ताच फिरून आलेय. मी सतरा वर्षांची जुनी मोटारसायकल, रंगाने काळी, उजव्या आरशाला तडा गेलेली. आणि गेले दोन आठवडे मी नुसती जळत होते. इंजिन नाही हो, मी! कुणावर म्हणाल? एका लाल गाडीवर, जिला मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलंसुद्धा नाही!

सगळं सांगते, पहिल्यापासून सांगते. मध्ये कुणी बोलू नका, माझा गिअर अडकतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ट्रकमध्ये बांधून रत्नागिरीला आणलं आणि मारुती मंदिराजवळच्या दुकानात उभं केलं, तिथून पुढचं सगळं आठवतं. रावजी आले. मिरकरवाड्याला बर्फाच्या फॅक्टरीत कामाला होते तेव्हा. दुकानातल्या माणसाने त्यांना चकचकीत निळी दाखवली, तर म्हणतात कसे, "काळीच द्या. माशाचा डाग दिसायचा नाय." झालं! माझं नशीब माशाच्या डागावर ठरलं.

पण मी तक्रार केली नाही हां. रोज सकाळी बंदरावर, खारा वारा अंगावर, टाकीवर बांगड्यांचे खवले. दसऱ्याला मात्र माझा थाट बघावा! रावजी मला धुणार, झेंडूची माळ घालणार, पुढच्या चाकाशी नारळ ठेवणार आणि गाऱ्हाणं घालणार. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्या आवाजात सगळं समजावून सांगायचं, आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्यात रावजी माझा अख्खा नंबर घेतात, एमएच शून्य आठपासून शेवटच्या आकड्यापर्यंत. एकदा सानिकाने विचारलं, "बाबा, देवाला नंबर कशाला?"

"अगो, देवाकडे गाड्या काय कमी आहेत? नंबर नको सांगायला?"

ही सानिका म्हणजे रावजींची मुलगी. माझ्यावर चालवायला शिकली ती, भाट्याच्या वाळूत, दहा वेळा मला आडवी पाडून. आता ती लॅबमध्ये आहे, गावोगाव जाऊन रक्ताचे नमुने आणते, आणि तिला नेते कोण? मी! आंबा घाट तर मी इतक्यांदा चढलेय की डोळे मिटून सांगेन कुठल्या वळणावर माकडं बसतात.

आणि मग या मे महिन्यात तिने काय करावं? आठ मुलींचा ग्रुप, श्रीलंका, आठ दिवस मोटारसायकलवर! सात जणी जायच्या, आठवी ही. तिची मैत्रीण दीपालीही त्यात. मला वाटलं, मीही जाणार. टायरात हवासुद्धा भरून घेतली होती मी! तर कळलं, गाड्या तिकडे भाड्याने मिळतात. आणि ऐका, माझ्या आरशाला सतरा वर्षांत कितीतरी हेल्मेटं लटकली, त्यातलं सगळ्यात नवं, परवा-परवा आलेलं, ते विमानात बसून गेलं! ते!

ती गेली त्याच दिवशी मला माझ्या जागेवरून हलवलं. तिथे ऊन चांगलं पडतं म्हणून सानिकाच्या आईने फणसपोळी वाळत घातली आणि मला ढकललं माडाखाली. माडाखाली! कोकणातला माणूस माडाखाली कधी गाडी लावतो का? मंगळवारी भर दुपारी वरून धप्पकन नारळ सुटला. टाकीपासून वीतभर. आरशाला निसटता लागला, हा तडा त्याचाच. वीतभर इकडे आला असता तर आज माझी गोष्ट टाकी नसलेल्या गाडीची झाली असती.

संध्याकाळी सानिकाचा फोन. रावजी स्पीकरवर घालूनच बोलतात, त्यामुळे अख्खी वाडी ऐकते.

"बाबा, काय गाडी आहे हो! चहाच्या मळ्यांतून घाटात अशी वळते ना, लोणी! मी तिचं नाव लाली ठेवलंय."

नाव! मित्रांनो, मला सतरा वर्षांत नाव नाही. "गाडी काढ", "गाडी पूस", "गाडी कुठाय". आणि ती दोन दिवसांची पाहुणी लगेच लाली?

पुढचं तर ऐकवलंच नाही. "बाबा, आपली आता काढून टाकूया का? तो जयगडचा बाबल्या मागत होता ना?"

रावजी इतकंच म्हणाले, "तू ये, मग बघू."

ती आली. उन्हाने काळवंडलेली, खूश. मोबाइलच्या पडद्यावर लाली. ओटीवर बसून सगळ्यांना सांगत होती, ढगात शिरलेला रस्ता, नारळाच्या दुधातली मच्छी, "थेट आपल्यासारखीच गो!", रस्त्यात हत्ती. आणि दर दोन वाक्यांनी लाली, लाली, लाली. मी माडाखालून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तिने किक मारली तर मी चालूच झाले नाही. पेट्रोल बसून कार्बोरेटर चिकटला म्हणे. चिकटला कसला! मी रुसले होते.

रविवारी बाबल्या आला. तो जयगडच्या बंदरात कामाला, माणूस चांगला, पण पाच किका मारल्यान तरी मी हूं की चूं केलं नाही. आज मी इथून जाणार.

तेवढ्यात दीपाली आली. "काय गो, ह्यांना तो व्हिडिओ दाखवलास की नाय?"

"दीपाली, नको हां!"

पण दीपालीने मोबाइल रावजींच्या हातात दिलासुद्धा. घाटाच्या पायथ्याशी आठ गाड्या, पुढे लाली, तिच्या चाकाशी नारळ. सानिका डोळे मिटून, हात जोडून, अगदी रावजींच्या आवाजात गाऱ्हाणं घालत होती.

"हे देवा म्हाराजा, तुझी लेकरं आज परमुलखात घाट चढतायत. एमएच शून्य आठ, सत्तेचाळीस बारा, ह्या गाडीच्या वाटेत जे काय आडवं येईल, ते बाजूला कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सत्तेचाळीस बारा! मित्रांनो, तो माझा नंबर! माझा!

दीपालीला हसू आवरेना. "लाली समोर उभी, आणि हिने गाऱ्हाणं घातलंन घरच्या गाडीचं! तासाभरात लाली पंक्चर!"

"तोंडात तेच बसलंय त्याला मी काय करू?" सानिका लाजून म्हणाली.

रावजी हसले नाहीत. "वार कुठला गो हा?"

"मंगळवार. दुपारचे बारा वाजले असतील."

रावजींनी वर माडाकडे बघितलं. मग माझ्या आरशाकडे. मी गाडी आहे, मला देवाचं काय कळतं, पण माझी चेन थरथरली.

बाबल्याने विचारलं, "मग त्या लालीचा नंबर काय होता?"

सानिकाने मोबाइलमधले फोटो भराभर सरकवले. शंभर फोटो, आणि प्रत्येकात हीच नंबराच्या पुढ्यात उभी! "नाय आठवत रे," ती हळूच म्हणाली. मग माझ्यापाशी आली, तड्यावरून बोट फिरवलं. "बाबल्या, गाडी नाय विकायची."

"आणि मी पाच किका मारल्या त्या?"

"फणसपोळी घेऊन जा," आतून आई म्हणाली.

सानिकाने कार्बोरेटर साफ करून घेतला. पहिल्या किकला चालू झाले असते, पण थोडा भाव नको खायला? तिसऱ्या किकला झाले.

मोबाइलच्या पडद्यावर अजून लालीच आहे. बघितलं की मी अजून जळते, खोटं कशाला बोलू? पण मग वाटतं, तिच्यावर दर आठवड्याला नवा माणूस बसतो, नवं नाव ठेवतो, लोणी लोणी म्हणतो आणि निघून जातो. तिचा नंबर कुणालाच पाठ नाही. मंगळवारी तिच्या वाटणीचं गाऱ्हाणंसुद्धा मीच घेतलं.

म्हणून मित्रांनो, घरच्या गाडीला तेल द्या, पावसात झाका, माडाखाली तर लावूच नका. आणि कधी परमुलखात गेलात, भाड्याची गाडी हातात आली, तर निघण्याआधी खाली वाका आणि तिचा नंबर एकदा मोठ्याने वाचा. लाल असेल, तर दोनदा.