दादाने भरलेली टाकी

मागच्या शेडमध्ये सकाळ कधी घाईने येत नाही. आधी पत्र्याच्या फटीतून एक बारीक रेघ भिंतीवर उतरते. फिकट, स्वतःच्याच येण्याविषयी साशंक. मग ती हळूहळू रुंदावते, खिळ्याला अडकवलेल्या नरसाळ्याच्या कडेवर थबकते, तेलाच्या डब्यावरून घसरते आणि अखेरीस जनरेटरच्या करड्या आच्छादनापाशी येऊन बसते. त्या उजेडात धुळीचे कण सावकाश वर जाताना दिसतात. खाली येताना मात्र कोणी दिसत नाही. दोन वर्षे मी हे ऊन पाहत आलो होतो. आच्छादन काढून, हाती फडके घेऊन मी जनरेटर पुसत असे. त्याचा लाल रंग अजून दुकानातल्यासारखा होता. सुरू मात्र मी तो एकदाही केला नव्हता.

परदेशी नोकरीला जाताना दादाने टाकी गळ्यापर्यंत भरली होती. झाकण फिरवत तो म्हणाला होता, “ही संपायच्या आत येतो बघ.” महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे चालवत जा, असेही तो म्हणाला होता. त्याच्या दोन वाक्यांपैकी मी पहिलेच मनाशी धरले.

त्या दिवशी दहा ते पाच वीज बंद राहणार होती. आत्याचे प्राणवायूचे यंत्र विजेवर चालते आणि घरातला छोटा सिलिंडर फार तर दोन तास पुरला असता. आठ वाजता मी जनरेटर ओढत अंगणाच्या टोकाशी, खिडक्यांपासून वीस पावले दूर नेला, धुराचे तोंड कुंपणाकडे वळवले आणि दोरी ओढली. काहीच झाले नाही. पुन्हा ओढली. अठरा वेळा ओढली.

“कविराज,” खिडकीतून आत्याचा आवाज आला. तिच्या नाकाला नळी होती, जिभेला लगाम नव्हता. “दोरी ओढतोयस की तिची विचारपूस करतोयस?”

“चोक बघतोय, आत्या.”

“बघ, बघ. मी तोवर श्वास रोखून बसते.”

साडेनऊला मी बोलावलेले मिस्त्री आले. त्यांनी झाकण उघडून नाक आत घातले आणि तितक्याच वेगाने बाहेर काढले.

“हे पेट्रोल कधीचं?”

“असेल… काही महिन्यांचं.”

“काही म्हणजे चोवीस?” त्यांनी थोडे बाटलीत काढून उन्हात धरले. ते काळ्या चहासारखे दिसत होते आणि त्याला जुन्या वार्निशचा वास येत होता. “काय चकाकी आणलीय रे! बाहेरून नवरदेव, आतून डिंक. सगळं काढायला लागेल.”

“थोडं ठेवलं तर? त्यावर नवं भरू.”

“नासक्या दुधावर ताजं ओतलं, तर काय होतं?”

“त्याला नका विचारू,” आत्या म्हणाली. “तो त्यावर कविता करेल.”

मिस्त्री हसले. मी हसलो नाही. पेट्रोल काढायच्या नळीचे टोक हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो.

“टाकी संपायच्या आत दादा येणार होता ना,” आत्या खिडकीतून म्हणाली, “म्हणून तू ती संपूच दिली नाहीस. मला कळत नव्हतं होय? रोज पुसायचास, दोरीला हात नाही लावायचास. म्हटलं, असू दे.” तिने दम घेतला. “पण आज माझ्या श्वासाचा प्रश्न आहे, राजा.”

दहा वाजता वीज गेली. मी आत्याला सिलिंडर लावला, बाहेर आलो आणि दादाचे पेट्रोल कॅनमध्ये सोडले. ते संपायला इतका थोडा वेळ लागेल असे मला वाटले नव्हते.

मिस्त्रींनी कार्बोरेटरची भोके तारेने मोकळी केली, प्लग आणि तेल बदलले, ताजे पेट्रोल भरले. सव्वा अकराला मी दोरी ओढली आणि दुसऱ्या झटक्याला इंजिन गरजले.

“वायर थेट यंत्राला जोड,” मिस्त्री ओरडले. “भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसलीस, तर खांबावरचा लाइनमन जिवानिशी जाईल!”

“केवढा हा आवाज!” आत्या कानांवर हात ठेवून म्हणाली. “ह्याच्यापेक्षा तू बरा. दोन वर्षं दादाबद्दल एक शब्द नाही.”

दुपारी एकदा इंजिन बंद करून, पुरते थंड होऊ देऊन मी पुन्हा पेट्रोल भरले. तेवढा वेळ सिलिंडर पुरला. पाचला वीज आली. इतक्यात पुन्हा लागणार नसेल, तर टाकी कोरडी करूनच ठेवायची, असे मिस्त्री बजावून गेले होते. तळाशी थोडेच उरले होते. इंजिनाने तेही प्यायले, ते दोनदा खोकले आणि थांबले.

टाकी संपली होती. फाटकाकडे मी पाहिले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल.

“आता फोन कर त्याला,” आत्या म्हणाली. “आणि ‘आवाज येत नाहीये’ म्हणू नकोस. मागच्या वेळी मला पलीकडच्या खोलीत स्वच्छ ऐकू येत होतं.”

मी फोन लावला.

“चालला का रे जनरेटर?” दादाने विचारले.

“चालला. आणि दादा, मागच्या वेळी तू म्हणालास ते मला ऐकू आलं होतं.”

दादाने तिकडेच घर घेतले होते, हे तो तेव्हाच म्हणाला होता.