आधीच भरलेला रकाना

महामायेनं ओळ शेवटपर्यंत टाइप केली, एकदा वाचली आणि एंटर दाबलं. काळ्या खिडकीत पांढरा ठिपका तेवढा लुकलुकत राहिला. बाकी काहीच झालं नाही.

शेजारच्या खुर्चीत शाळेचे कारकून अमृतराव चष्मा कपाळावर चढवून बसले होते. तीस वर्षं दाखल-खारीज रजिस्टर हातानं लिहिलेला माणूस. ते पडद्यात डोकावले, मग तिच्याकडं बघितलं, मग परत पडद्यात डोकावले.

"सुरू झालं का म्याडम?"

"चालू हाय काका."

"काही दिसंना तर."

"दिसणारच न्हाई. एरवी मशीन विचारत बसतं. कुठं ठेवू, कोणती भाषा, पुढं जाऊ का. त्याची सगळी उत्तरं या एका ओळीत आधीच देऊन टाकलीत. आन् शेवटी ही तिरकी रेघ मारून क्यू लिवलाय न्हवं, त्याचा अर्थ, काही विचारू नको, गुमान काम कर."

"बरं हाय," अमृतराव म्हणाले. "आमच्या घरीबी असं एक बसवून द्या."

महामाया हसली. नांदेडच्या एका छोट्या कंपनीत ती नऊ वर्षं काम करत होती. एका शिक्षण संस्थेच्या लातूर जिल्ह्यातल्या सव्वीस शाळांत प्रवेशाचं सॉफ्टवेअर बसवायचं काम कंपनीला मिळालं होतं आणि सोमवारपासून प्रवेश सुरू होणार होते. प्रत्येक मशीनपुढं बसून 'पुढे', 'पुढे' दाबत राहिली असती तर दिवाळी उजाडली असती. म्हणून तिचे साहेब, विनोदसर, यांनी नांदेडच्या एसीत बसून ही ओळ तयार करून दिली होती. शाळेगणिक शाळेचा क्रमांक तेवढा बदलायचा. चौदा शाळा झाल्या होत्या, ही पंधरावी. शनिवारचे साडेअकरा वाजले होते आणि ती स्वतःच्या वेगावर खूश होती.

सॉफ्टवेअर बसलं. इतर शाळांत तिनं नाव टाकून फॉर्म जतन होतोय एवढं बघितलं होतं आणि पुढची गाडी पकडली होती. अमृतराव मात्र सोडायला तयार नव्हते.

"सोमवारी हितं मीच बसणार हाय. सगळे रकाने दाखवा मला, एकेक."

तिनं फॉर्म खाली सरकवला. विद्यार्थ्याचं नाव रिकामं होतं, आईचं नाव रिकामं होतं, आडनाव रिकामं होतं. त्याखाली धर्माच्या रकान्यात 'हिंदू' असं लिहिलेलं होतं.

"हे तुमी भरलं?"

"न्हाई," महामाया म्हणाली. "आपोआप आलंय."

तिनं ती ओळ पुन्हा उघडली. भाषा आणि ड्राइव्ह यांच्या मधोमध उभं होतंच ते: धर्म बरोबर हिंदू. चौदा वेळा ते तिच्या डोळ्यांखालून गेलं होतं. क्रमांक तेवढा बघायची सवय लागली की बाकीची ओळ असून नसल्यासारखी होते. तिला स्वतःचाच राग आला.

भिंतीकडं वायरी ओढणारा मोहसीन उठून आला. कंपनीचा हा मुलगा मोटरसायकलवरून तिला शाळोशाळी फिरवत होता. त्यानं वाकून वाचलं.

"माझ्यासारख्याचं काही अडत न्हाई ताई," तो म्हणाला. "शेख मोहसीन वाचलं की क्लार्क ते खोडतोच. पण गायकवाड, कांबळे, वाघमारे वाचून त्याला काय कळतंय? एंटर मारून पुढं जातो."

महामायेनं विनोदसरांना फोन लावला.

"अगं, शंभरातल्या ऐंशी पोरांचं तेच असतं," विनोदसर म्हणाले. "क्लार्कचा वेळ वाचतो. ज्याचं वेगळं असेल त्याचं बदलतील की."

"न बदलले तर?"

"तर पालक सांगतील. चौदा शाळा परत फिरायला माझ्याकडं ना माणूस हाय, ना दिवस. सोमवारपर्यंत सव्वीस पूर्ण कर, मग बघू."

मग बघू म्हणजे काय, हे महामाया पक्कं जाणून होती. तिच्या स्वतःच्या टीसीवर 'हिंदू' लिहिलेलं होतं, आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, कागदांवर 'बौद्ध'. बापलेकीचे कागद जुळत नाहीत म्हणून जातपडताळणी अडली. शाळा, शिक्षण खातं, प्रतिज्ञापत्र असे सात हेलपाटे आबांनी रोजगार बुडवून घातले. दुरुस्तीचा कागद हातात आला तेव्हा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगला लागलेला तिचा नंबर मुदत टळून गेलेला होता. तिनं बीएस्सी केलं, कॉम्प्युटरचे क्लास केले, घासत घासत इथवर आली. चुकीचं लिहिलं कुणी, याचं उत्तर घरात ठरलेलं होतं. गावच्या शाळेतल्या नरसिंग गुरुजींनी. विचारलंसुद्धा नाही, आपल्या मनानं लिहून टाकलं, असं आबा सांगत आणि पुढं बोलणं बंद करत.

गुरुजी एकदा अहमदपूरच्या बसस्टँडवर तिला दिसले होते. म्हातारे, काठी टेकत आलेले. "पंढरीची पोरगी ना तू?" म्हणाले. तिनं ऐकू न आल्यासारखं करून तोंड फिरवलं होतं.

"काका," ती अमृतरावांना म्हणाली, "आमच्या गावच्या गुरुजींनी माझ्या वेळेला हेच केलं. न विचारता."

"साल कोणतं?"

"चौऱ्याण्णवचा जून."

अमृतरावांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे नामांतराचं साल," ते हळूच म्हणाले. विद्यापीठाचं नाव बदललं ते वर्ष मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. "मी तवा नवीन लागलो होतो. म्याडम, राग मानू नका, पण त्या साली न विचारता लिवायची कुणाची छाती नव्हती. एका शब्दावरून गाव पेटायचं. दोन-दोनदा विचारून लिवायचो आमी. उलट माणसंच म्हणायची, गुरुजी, हिंदूच ऱ्हाऊ द्या."

महामायेनं पेनड्राइव्ह काढून मुठीत धरला आणि व्हरांड्यात गेली. समोरच्या दालमिलचा खरखराट ऐकू येत होता. तिनं आबांना फोन लावला.

"जेवलीस का?" आबांनी विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न कायम हाच असे.

"जेवीन. आबा, एक विचारायचं होतं."

"इचार की."

"मला शाळंत घातलं तवा गुरुजींनी धर्म विचारला होता का?"

पलीकडं टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"आज कुठून काढलंस हे?"

"विचारला होता का न्हाई, एवढंच सांगा."

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

"इचारला होता," आबा म्हणाले. "जानेवारीत आपल्या वस्तीवर दगडं पडले होते. तुझ्या चुलत्याचं घर जाळलं. जूनात तुला घिऊन शाळंत गेलो, तर व्हरांड्यात गावातले धा-बारा जण बसलेले. गुरुजींनी इचारलं, धर्म काय लिवू. मी म्हनलो, हिंदू लिवा. त्यो बिचारा थांबला. पुन्हा इचारलं त्यानं. दुसऱ्यांदा हळूच इचारलं, माझ्याकडं वाकून. पंढरी, खरं काय लिवू म्हनून."

"मग?"

"मग काय. मी परत तेच सांगितलं. लई मोठ्यानं सांगितलं. त्या बसलेल्यांना ऐकू जावं म्हनून."

महामायेला रडू आलं नाही. आबांचा रागही आला नाही, आणि याचंच तिला नवल वाटलं. तेव्हाचे आबा तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले, आजच्या तिच्यापेक्षाही लहान, सहा वर्षांच्या पोरीचं बोट धरलेले. लाज वाटली ती बसस्टँडवर तोंड फिरवल्याची. गुरुजी जाऊन चार वर्षं झाली होती आणि आता त्यांची माफी मागायची सोय उरली नव्हती.

"माया," आबा म्हणाले, "तुला सांगायला जीभ उचलली न्हाई. गुरुजींच्या नावावर ढकललं. तुझं कालेज गेलं ते माझ्या तोंडानं."

"जाऊ द्या आबा. औषध घेतलं का?"

"घेतलं."

ती आत आली आणि ओळ पुन्हा लिहायला बसली. तेवढा शब्द पुसून भागणार नव्हतं. काही दिलंच नाही तर सॉफ्टवेअर धर्मांच्या यादीतलं पहिलं नाव उचलत होतं आणि यादीत पहिलं नाव तेच होतं. म्हणून तिनं दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. धर्माचा रकाना रिकामा ठेवायचा. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं जाऊ द्यायचा नाही. मग एंटर दाबलं. पहिल्यासारखाच पांढरा ठिपका लुकलुकला, पहिल्यासारखीच शांतता. फॉर्म उघडला तर रकाना रिकामा होता.

"आता प्रत्येकाला विचारावं लागंल," अमृतराव म्हणाले. "रांग लांबंल म्याडम."

"लांबू द्या काका."

"आन् त्या चौदा शाळा?" मोहसीननं विचारलं.

"उद्या रविवार हाय. तुला सुट्टी हाय. मी ऑटोनं, एसटीनं जाईन."

"औश्याला जायला एसटीची वाट बघत बसणार? संध्याकाळपर्यंत तीन शाळाबी व्हायच्या न्हाईत." त्यानं गाडीची किल्ली खिशातून काढून बघितली, परत ठेवली. "सकाळी सहाला येतो. अम्मी डबा दोघांचा देईल. सरांना मात्र तुमीच सांगा."

उरलेल्या अकरा शाळा त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत नव्या ओळीनं उरकल्या, कारण सगळ्या लातूर शहरातच होत्या. रविवारी चौदा शाळांचे शिपाई घरून बोलावून, कुलपं उघडून घेतली. एका शिपायानं शेतातून यायला दोन तास लावले, दुसऱ्यानं चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. दिवस कलला तेव्हा मोहसीनची पाठ आखडली होती आणि यादीतल्या शेवटच्या शाळेवर महामायेनं टिकमार्क केला होता. सरांना तिनं एका ओळीचा मेसेज टाकला की सव्वीस पूर्ण, फक्त एक रकाना बदलला आहे. सरांनी अंगठा पाठवला. सर वाचत नाहीत, हे तिला माहीत होतं.

सोमवारी पहिल्या दिवशी काही अडलं तर जवळ असावं म्हणून ती अमृतरावांच्या शेजारी बसली. दहा वाजेपर्यंत रांग पार फाटकापर्यंत गेली. कारकुनांचे आवाज मोठे असतात, त्यांचं त्यांना कळत नाही. अमृतराव एकेक रकाना खणखणीत विचारत होते आणि लोक उत्तरं देत होते. जैन, हिंदू, मुसलमान, हिंदू. कुणालाच त्यात काही वाटत नव्हतं, आणि महामायेला वाटलं, झालं, आपलं काम एवढंच होतं.

मग एक बाई आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद, शेजारी दोन वेण्या घातलेली मुलगी. अमृतरावांनी नाव घातलं, आईचं नाव घातलं, आडनाव कांबळे.

"धर्म?"

बाईनं मान वळवून मागच्या रांगेकडं बघितलं, एकदाच, पटकन. मग समोर बघून म्हणाली, "हिंदू लिवा." हे ती मोठ्यानं म्हणाली.

अमृतरावांचं बोट कळीवर गेलं. महामायेनं हात पुढं करून कीबोर्ड हलकेच आपल्याकडं ओढून घेतला. अमृतरावांनी तिच्याकडं बघितलं, आणि काय समजायचं ते समजून ते उठले आणि पाणी प्यायला निघून गेले.

महामाया खुर्चीच्या कडेला सरकली, टेबलावर वाकली आणि बाईच्या कानापाशी आवाज नेऊन तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला.

बाई तिच्याकडं बघत राहिली. मुलीनं आईचा पदर ओढला. मागं कुणीतरी खाकरलं, कुणीतरी म्हणालं, आटपा लवकर. बाईनं ओठ हलवले.

पहिलं उत्तर सगळ्या रांगेनं ऐकलं होतं. दुसरं एकट्या महामायेनं ऐकलं. तिनं ते रकान्यात टाइप केलं, पडदा वळवून बाईला दाखवला, आणि मुलीची जन्मतारीख विचारली.