शेवटच्या खुंटीवरचा सदरा

गाठोडं

या नाचात कंपनीतले सगळेच्या सगळे एका चादरीत शिरतात आणि मग कुणालाच बाहेर पडता येत नाही. प्रेक्षक हसतात. आम्हाला हसता येत नाही, कारण कुणाचं ना कुणाचं कोपर आमच्या बरगडीत असतं. कंपनी म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की मी हाच नाच दाखवते.

तालमीची खोली गोदामाच्या वरच्या मजल्यावर आहे. एका भिंतीला आरसा, दुसरीला खिडक्या, तिसरीला खुंट्या. एका खुंटीवर एका नाचाचे कपडे. खुंटीवर कपडे आहेत म्हणजे नाच जिवंत आहे. उद्या कुणी बोलावलं तर परवा करता आला पाहिजे. नवा नाच आला की त्याला खुंटी लागते, मग एक जुना उतरतो. उतरलेल्या कपड्यांची आत्या स्वतःच्या हाताने फडकी करते. रोज सकाळी आम्ही फरशी पुसतो, ती एके काळी टाळ्या घेतलेल्या कापडांनी.

“एवढा जीव लावून बसवलेला नाच, आणि त्याची फडकी?” नवीन आलेलं कुणीतरी हे विचारतंच.

“मग काय लोणचं घालू?” आत्या म्हणते.

ती माझी सख्खी आत्या, बाबांची थोरली बहीण. कंपनी तिची, शिस्त तिची, कात्रीही तिचीच. बाकीचेही तिला आत्याच म्हणतात. दिवे सांभाळणारे काका तिच्याहून वयाने मोठे आहेत, तेसुद्धा.

शेवटच्या खुंटीवर एक हिरवा सदरा आणि एक पिवळट घागरा आहे. तो नाच ‘दार’. आई-बाबांनी दोघांनी मिळून बसवलेला. आधी लग्न झालं की आधी नाच, यावर त्यांचं अजून एकमत नाही. एका खेळात आईला उचलताना बाबांच्या गुडघ्याने दगा दिला आणि तेव्हापासून बाबा गोदामाचा जिना चढलेले नाहीत. शिलाई मशिनं दुरुस्त करतात. नाचाबद्दल कुणी काही विचारलं तर “दोरा आणलाय का?” म्हणतात.

नियमाने त्या कपड्यांची फडकी केव्हाच व्हायला हवी होती. एकदा आत्या कात्री घेऊन खुंटीपर्यंत गेलीही. तिथून वळली, खिडकीतल्या कुंडीतली वाळकी पानं कापली आणि परत आली.


उभ्या उभ्या

या नाचात कुणीच बसत नाही.

“खुंटी हवी आहे,” आत्या म्हणाली. “नव्या नाचाला.”

“नवी ठोका ना,” मी म्हणाले.

“भिंत संपली.” तिने शेवटच्या खुंटीकडे पाहिलं नाही. म्हणजे मनात तीच होती.

“‘दार’ मी करते.”

“एकटी? दोघांचा आहे तो.”

“होयबा करेल माझ्याबरोबर.”

होयबा खिडकीत बसून केळं खात होता. कंपनीत येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. उड्या झकास मारतो, पण जन्मात कुणाला नाही म्हणालेला नाही, म्हणून हे नाव.

“हो,” तो म्हणाला. “काय करायचंय?”

“आणि त्याला शिकवणार कोण? तुझा बाप? जिन्याच्या पायरीला पाय लावत नाही तो.”

“मग होयबा जाईल दुकानात.”

“हो,” होयबा म्हणाला.

आत्या थोडा वेळ बोटं मोडत उभी राहिली. “हंगामाच्या पहिल्या खेळाला उभा राहिला तर राहील खुंटीवर. नाही राहिला तर त्याच दिवशी कात्री. आणि या वेळी मध्ये कुंडी येणार नाही, सांगून ठेवते.”

मला तो नाच नाचायचा होता, हे खरंच. पण त्याहून जास्त मला हवं होतं ते हे, की या खोलीत बाबांचं काहीतरी उरावं. फरशीचं फडकं सोडून.


शेजारी

दोन घरं, मध्ये एक भिंत. दोन्हीकडे तेच चाललेलं असतं आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

आमच्याकडे नाच कॅमेऱ्यात ठेवत नाहीत. या अंगातून त्या अंगात जायचा. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं आणि पाठ बघून शिकायचं. “तोंड बघून शिकाल तर तोंडच शिकाल,” हे आत्याचं म्हणणं. आणि दोघांचा नाच असेल तर दोघांनी आपापला वाटा वेगवेगळा शिकायचा. एकमेकांसमोर एकदम ‘भेटी’च्या दिवशीच यायचं, म्हणजे भेट खरी होते.

स्वयंपाकघरात आईने टेबल भिंतीला सरकवलं. “माझ्या पाठीकडे बघ. कुकरकडे नको.”

दुकानात बाबांनी तीन गिऱ्हाइकांना उद्या यायला सांगितलं. दुकान बोळासारखं अरुंद. दोन्ही अंगांना मशिनं, आणि मध्ये चाकांच्या स्टुलावर बाबा. एका पायाने ढकलायचं आणि या मशीनवरून त्या मशीनवर जायचं.

आईचे खांदे बोलत होते. डावा खांदा म्हणायचा, आता आलास? उजवा म्हणायचा, आलास तर आलास. नाच एवढाच आहे: एक माणूस घरी येतो त्याच वेळी एक बाई घराबाहेर पडते, मध्ये नुसती चौकट, आणि दोघांना एकमेकांना वाट देता देता वाट सापडत नाही.

“कुठे उभा राहू?” होयबाने विचारलं. बाबांच्या मागे भिंत होती. “राहा इथेच, समोर,” बाबा म्हणाले. “दिसतंय ना?” “हो.”

“अगं, तिकडे झुकलीस की तो तुला धरणार आहे. घाबरतेस काय?” “तो म्हणजे बाबा ना?” “तेव्हा बाबा. आता तो केळंवाला.”

“जमतंय ना?” “हो हो.” मशीन घ्यायला आलेल्या एका बाईने दारात उभं राहून सगळा धडा पाहिला आणि मशीन तिथेच विसरून गेली.

त्या आठवड्यात बाबांनी स्टुलाच्या चाकांना तेल घातलं. आंघोळ करताना गुणगुणायला लागले. आई बाथरूमच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी राहायची आणि टॉवेल द्यायचा विसरायची.

आई लहान मुलांचे वर्ग घेते, हे इथेच सांगून टाकते. मुलांकडे पाठ केली की मुलं पळून जातात. म्हणून ती आत्याचा नियम मोडून तोंड करून उभी राहते आणि स्वतः सगळं उलटं नाचते. तिचा डावा हात बघून मुलं उजवा उचलतात. वर्षानुवर्षं हे केल्यामुळे तिच्या अंगात प्रत्येक नाच दोनदा आहे, एक सुलटा, एक उलटा.

बाबांनी जन्मात कधी वर्ग घेतलेला नव्हता.


चुकलेली चप्पल

एक माणूस अख्खा नाचभर आपली चप्पल शोधतो. ती त्याच्या दुसऱ्या पायात असते.

भेटीच्या दिवशी सगळे भिंतीला टेकून बसले. मध्ये लाकडी चौकट. मी अलीकडे, होयबा पलीकडे. काकांनी गाणं लावलं.

मी हात पुढे केला, जिथे त्याचा खांदा असायला हवा होता. तिथे हवा होती. खांदा चौकटीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या हाताची वाट बघत होता. मी वळले, तो वळला, कपाळावर कपाळ आपटलं.

“पुन्हा,” आत्या म्हणाली.

पुन्हा कपाळ. जिथे आम्ही एकमेकांना चुकवायचं तिथे आदळत होतो, आणि जिथे भेटायचं तिथे चुकत होतो. शेवटी पाठमोरं पडायची जागा आली. आईने सांगितलं होतं, घाबरू नकोस. मी घाबरले नाही. निर्धास्त मागे पडले आणि सरळ फरशीवर आले. होयबा दोन हात पसरून, डोळे मिटून, अगदी भक्तिभावाने मला झेलायला उभा होता. चौकटीच्या दुसऱ्या अंगाला.

“बाबांनी असंच दाखवलं?” मी पडल्या पडल्या विचारलं.

“हो. अगदी असंच.”

“दाखवताना ते कुठे होते?”

“समोर.”

दिव्यांचे काका खो खो हसत सुटले, आणि एकेक करून सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांचा उजवा हात होयबाच्या डाव्या हातात गेला होता. उजवा पाय डाव्या पायात. सगळा नाच, मानेच्या झटक्यापर्यंत, आरशात पाहिल्यासारखा उलटा. आणि शिकला होता इतका चोख की कुठे नाव ठेवायला जागा नव्हती.

“फिरव,” आत्या म्हणाली.

“हो,” म्हणून होयबाने फिरवून पाहिला. दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा दिसत होता. अंगात बसलेलं काढायला बसवण्याच्या दुप्पट वेळ लागतो, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि खेळ तर तोंडावर आला होता. आत्या खिडकीकडे गेली. कुंडीकडे तिने पाहिलं नाही.

मी बाबांना फोन लावला.

“उलटं? शक्य नाही,” बाबा म्हणाले. “मी दर वेळी विचारत होतो त्याला, जमतंय ना म्हणून. हो म्हणायचा.”

“बाबा, तो सगळ्यालाच हो म्हणतो! आग लागली का म्हटलं तरी हो म्हणेल!”

फोन ठेवल्याचा आवाज आला.

तासाभराने आम्ही चौकट उचलून कोपऱ्यात ठेवायला निघालो, तेवढ्यात जिन्यात काहीतरी दणकलं. मग आईचा आवाज.

“अहो, सावकाश.”

“सावकाशच चाललोय. पंधरा वर्षं झाली.”

आधी स्टूल दिसलं, मग ते डोक्यावर घेतलेली आई, मग कठड्याला धरून बाबा. घामाघूम. दारात थांबून त्यांनी खोलीभर पाहिलं आणि नजर शेवटच्या खुंटीवर येऊन टेकली.

“ताई, याची फडकी नाही केलीस?”

“कात्रीला धार नव्हती,” आत्या म्हणाली.


दार

“चूक माझी नाही,” बाबा म्हणाले.

“तुमची कधी असते?” आई म्हणाली. “समोर उभं करून शिकवलंत पोराला?”

“मागे भिंत आहे, अगं! भिंतीत उभा करू?”

“वन्सं, ऐका तुमच्या भावाचं.”

“मी बरोबरच शिकवलंय. ये गं, तू ये इकडे.” बाबांनी मला बोलावलं आणि स्टूल चौकटीशी नेलं.

मी हात पुढे केला. तिथे खांदा होता. मी वळले, स्टूल माझ्या पाठीमागून सुळकन निघून गेलं. पाय जिथे मारायचा तिथे बाबा तळहात आपटत होते, जिथे उडी होती तिथे नुसती मान उंचावत होते, आणि ती उडी सगळ्यांना दिसत होती. मी मागे पडले. बाबांनी झेललं. त्यांच्या हातांना मशिनच्या तेलाचा वास होता.

“बघितलंस?” ते आईला म्हणाले. “बरोबर आहे.”

चौकटीपलीकडे होयबा एकटाच उभा होता, हात लोंबकळत ठेवून. तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही बोलला.

“आणि मी?”

आईने पदर खोचला. “ये बाळा,” ती म्हणाली, आणि नळ सोडावा तितक्या सहज तिने आपला वाटा उलटा सुरू केला, मुलांसमोर करते तसा. तिचा हात गेला तिथे होयबाचा खांदा होता. ती पडली, त्याने झेललं. डोळे उघडे ठेवून.

बाबा आणि मी कधी पुन्हा सुरू झालो ते कळलं नाही. चौकटीच्या अलीकडे आम्ही दोघं, पलीकडे ते दोघं, एकाच दाराच्या दोन बाजूंना एकच नाच, एक सुलटा, एक उलटा. मूळ नाच एका छोट्या खोलीत बसवलेला, त्यामुळे अर्ध्या जागेत तो ऐसपैस मावत होता. गाणं संपलं तरी काकांनी ते थांबवलं नाही, परत लावलं. आत्या, जी तालमीत कधी बसत नाही, ती फरशीवर मांडी घालून बसली होती.

“थांबू नका रे,” ती म्हणाली. “कुणीही थांबू नका.”

सदरा एकच होता आणि बाबांचं पोट दोघांचं. आत्याने बगलेची शिवण उसवली आणि फरशीच्या फडक्यांच्या ढिगातून एक हिरवी पट्टी शोधून, तीन वेळा धुऊन, मध्ये जोडली. होयबाने आपला सदरा उलटा घातला. “तुला तेच शोभतं,” आई म्हणाली. “हो,” तो म्हणाला.

आणि मग रविवारची दुपार, भरलेलं सभागृह, दिवे, चौकट, बाबांचा श्वास माझ्या कानाशी, सगळं तालमीसारखं, तालमीहून सुरेख, आणि शेवटाकडे, जिथे पूर्वी ते आईला उचलायचे तिथे आता मी त्यांना ढकलायचं होतं, उंबऱ्यापर्यंत, फक्त उंबऱ्यापर्यंत, तिथे ते पायाने थांबणार होते, पण चाकांना तेल होतं आणि माझ्या अंगात आनंद होता आणि मी ढकललं ते असं की बाबा उंबऱ्यापाशी थांबलेच नाहीत, दारातून आरपार गेले आणि आईला झेलायला हात पसरून उभ्या असलेल्या होयबाच्या मिठीत जाऊन पडले.

सभागृह हसलं. आईही हसली, रंगमंचावर, दात दिसतील अशी. तिने होयबाला दंडाला धरून दारातून माझ्याकडे ढकललं. मग ती बाबांसमोर तोंड करून उभी राहिली आणि वर्गातल्या मुलासाठी उचलते तसा तिने डावा हात सावकाश उचलला.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. उजवा उचलला.

होयबाने माझ्याकडे पाहिलं. मीही आईसारखा हात उचलला. कुठला हात, ते मला आठवत नाही.

नाच उंबऱ्यावर संपतो. दोघांसाठी केलेल्या चौकटीत आम्ही चौघं मावलो. कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा जिना चढून आले. सदरा त्यांनी स्वतः खुंटीवर टांगला, दोनदा नीट केला.

“आणि माझ्या नव्या नाचाने कुठे टांगून घ्यायचं?” आत्या म्हणाली. “भिंत संपली म्हणून सांगितलं होतं ना?”

“दाराला मागून कुणी काही ठोकलंय का?” बाबांनी विचारलं. कुणीच ठोकलं नव्हतं. खोलीचं दार कायम उघडं असतं, त्याची मागची बाजू कुणी पाहिलेलीच नव्हती.

होयबाने खुंटी धरली. बाबांनी स्टुलावर बसून हातोडी मारली.

“सरळ आहे ना?”

“हो,” होयबा म्हणाला.

खुंटी वाकडी आहे. अजून तशीच आहे. कपडे मात्र पडत नाहीत.