जबानीतलं एक वाक्य

सात नंबरच्या कोर्टात स्टेनोबाईंना सगळे 'मशीन' म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. अठरा वर्षं त्या न्यायाधीशसाहेबांच्या डाव्या हाताला बसून साहेब सांगतील ते टाइप करत आल्या होत्या. साक्षीदार बोलतो, साहेब त्याचं नीटनेटकं वाक्य करून सांगतात, स्टेनो ते उतरवते, शेवटी साक्षीदार खाली सही करतो. सहीआधी त्याला सगळं वाचून दाखवायचं असा नियम आहे. पण रोजची वीस-पंचवीस प्रकरणं, वाचत कोण बसणार? 'वाचून दाखवले, बरोबर आहे' ही ओळ मात्र न चुकता असायची. स्टेनोबाईंनी ती एका बटणावर बसवून ठेवली होती.

त्या दिवशी एका सफाई कामगार मुलीची साक्ष होती. वय बावीस-तेवीस. एका मोठ्या कार्यालयात ती फरशा पुसायची. ज्या ठेकेदाराने तिला कामावर लावलं, त्यानेच तळघरातल्या सामानाच्या खोलीत तिच्यावर हात टाकला होता. तक्रार घ्यायला पोलिसांनी तिला नऊ दिवस फिरवलं. बरोबरच्या चार बायका आधी साक्ष देतो म्हणाल्या, मग काम जाईल या भीतीने एकेक करून गळाल्या. आली होती फक्त तिची मावशी, आणि तीही दाराबाहेर, कारण साक्ष बंद खोलीत होती. ठेकेदार मात्र आत, पडद्यापलीकडे, कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

त्याच्या वकिलाने विचारलं, "तू ओरडलीस का?"

मुलगी म्हणाली, "ओरडायला गेले. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सांगितलं, "लिहा. मी ओरडले नाही."

स्टेनोबाईंची बोटं थांबली.

अठरा वर्षांत असं झालं नव्हतं. शिपाईसुद्धा वळून बघायला लागला.

"बाई, लिहिताय ना?"

"साहेब," त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ती तसं म्हणाली नाही."

वकील हसले. साहेब चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. लहान मुलाला समजवावं तसं ते म्हणाले, "आवाज फुटला नाही म्हणजे ओरडली नाही. अर्थ तोच ना? लिहा."

स्टेनोबाईंनी लिहिलं. पुढची तीन पानंही लिहिली. शेवटी बटण दाबून ती ओळ टाकली, कागद छापले आणि मुलीपुढे धरले. मुलगी इतकी गळून गेली होती की कुठे सही करायची एवढंच तिने विचारलं. स्टेनोबाईंनी बोटाने जागा दाखवली.

घरी त्या आणि त्यांची मोठी बहीण, दोघीच. ताई पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवायची. स्टेनोबाई आल्या, चप्पल न काढता तशाच खुर्चीत बसल्या.

"काय गं? तोंड असं का उतरलंय?"

"ताई, माझ्या केसच्या वेळी मी कोर्टात काय म्हणाले होते, आठवतं तुला?"

शिलाई मशीनचं चाक थांबलं. सव्वीस वर्षांत या घरात तो विषय निघाला नव्हता. स्टेनोबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या, एका छापखान्यात बांधणीचं काम करायच्या. मालकाच्या मेहुण्याने कागदाच्या गोदामात दार लावून घेतलं होतं. केस दोन वर्षं चालली आणि तो सुटला. तेव्हापासून त्यांना कडी लावलेल्या खोलीत श्वास घेता येत नसे. आंघोळीलासुद्धा त्या दार नुसतं लोटून घ्यायच्या, आणि तेवढा वेळ ताई बाहेर भाजी निवडत बसायची. का बसतेस, असं एकीने कधी विचारलं नाही, दुसरीने कधी सांगितलं नाही.

"आठवतं," ताई म्हणाली. "तू म्हणालीस, ओरडायचं होतं पण घसा आवळल्यासारखा झाला."

"आणि निकालात काय आलं, माहीत आहे? नोकरीला लागले त्या वर्षी मी रेकॉर्डरूममधून फाइल काढून वाचली. 'आपण आरडाओरडा केला नाही, हे तिने स्वतःच कबूल केले आहे.' त्यावर सुटला तो."

ताईने हातातला गणवेश खाली ठेवला.

"तेव्हा बंद खोली नव्हती, तू मागच्या बाकावर होतीस. तू ऐकलंस. मग बोलली का नाहीस गं?"

"मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं आहेत, काय लिहायचं ते त्यांना कळतं." ताईचा आवाज चिरकला. "आणि बाबांनी हात धरून ठेवला होता माझा. शोभा नको म्हणाले. मी काय करणार होते?"

"आज मी तेच वाक्य टाइप केलं, ताई. त्या पोरीच्या नावावर." स्टेनोबाईंनी दोन्ही हात पदरात लपवले, जणू कोणी ते बघू नयेत. "आजच नाही. बसमध्ये बसून आठवत होते. नक्की आठवतायत अशा अकरा झाल्या. न आठवणाऱ्या किती, देव जाणे. माझं वाटोळं ज्या वाक्याने केलं, ते मी अकरा जणींना माझ्या हाताने लिहून दिलं. आणि मला मशीन म्हणतात म्हणून मी खूश!"

ताई उठून जवळ आली. पण स्टेनोबाई रडत नव्हत्या. रडू आलं असतं तर बरं, असं ताईला वाटलं.

दुसऱ्या दिवशी उलटतपासणी पुढे चालायची होती. स्टेनोबाई अर्धा तास आधीच पोहोचल्या. बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेरच्या नळावर मुलगी तोंड धूत होती. साक्षीदाराशी बोलायला स्टेनोला सक्त मनाई. इकडेतिकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "हे बघ, काल तू सही केलीस त्यात एक वाक्य चुकीचं आहे. तू ओरडली नाहीस, असं लिहिलंय. मला वाचून दाखवा, असं तू मागू शकतेस. तुझा हक्क आहे तो."

मुलीने ओल्या तोंडानेच वर पाहिलं. "तुम्हीच तर लिहिलंत."

"हो. मीच लिहिलं."

"मग आता कशाला आलात? माझा जबाब बदलायला पाठवलंय का तुम्हाला कोणी?"

स्टेनोबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्यावरही एकदा असंच झालं, एवढंच सांगितलं असतं तर पोरीने ऐकलं असतं. पण ते शब्द ओठांवर येईनात. "एकदा वाचायला माग, बाळ," एवढं म्हणून त्या आत निघून गेल्या.

मुलीने मागितलं. पिंजऱ्यात उभी राहिल्याबरोबर ती म्हणाली, "साहेब, कालचं माझं बोलणं मला वाचून दाखवा."

साहेबांनी चष्मा काढला. "हे तुला कोणी सांगितलं?"

मुलीने स्टेनोबाईंकडे बघितलंही नाही. वकील लगेच उठले. "साहेब, बाहेरून कोणीतरी साक्षीदाराला शिकवतंय, हे उघड आहे. नोंद व्हावी."

मुलीने कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. ते बघून स्टेनोबाई उभ्या राहिल्या.

"मी सांगितलं, साहेब. ती काल म्हणाली होती, आवाज फुटेना. मी 'ओरडले नाही' असं लिहिलं. आणि काल तिला काहीही वाचून दाखवलं नव्हतं. आपण कोणालाच दाखवत नाही."

सरकारी वकील फाइलमध्ये डोकं खुपसून बसले. साहेबांनी तीन नंबरच्या कोर्टातून दुसरी स्टेनो बोलावून घेतली आणि स्टेनोबाईंना बाहेर थांबायला सांगितलं.

वाक्य दुरुस्त झालं. झालं म्हणजे त्याच्या खाली नवीन वाक्य आलं: 'साक्षीदाराने आपले कालचे विधान आज बदलले.' संध्याकाळपर्यंत स्टेनोबाईंच्या हातात निलंबनाचा कागद होता. साक्षीदाराशी संगनमत.

दोन महिन्यांनी निकाल लागला. ठेकेदार सुटला. साक्षीदार आपल्या म्हणण्यावर ठाम राहत नाही, कोर्टाच्या कर्मचाऱ्याने तिला पढवलं, तिच्यावर विश्वास ठेवणं धोक्याचं आहे, असं त्यात होतं.

या दोन महिन्यांत स्टेनोबाईंनी एक पत्र लिहिलं होतं, मुख्य न्यायाधीशांच्या नावे. त्यात आठवणारी अकरा प्रकरणं वर्षासकट दिली होती. बारावं स्वतःचं. ते लिहायला चार दिवस लागले. एकेक ओळ लिहायच्या, उठून अंगणात जायच्या, परत येऊन बसायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी पूर्ण पान ताईला मोठ्याने वाचून दाखवलं आणि ताई मध्ये एकदाही 'पुरे' म्हणाली नाही. पत्र मिळाल्याची पोच आली. पुढे काही नाही. तीन नंबरची स्टेनो एकदा भाजीबाजारात भेटली. "माझ्याकडेही असतील तशी वाक्यं," ती टोमॅटो निवडत खालच्या मानेने म्हणाली. "मी मोजायला गेले नाही. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत हो."

निकालानंतर आठवड्याने, भर दुपारी दार वाजलं. ती मुलगी होती. पत्ता कुठून काढला कोण जाणे.

"तुम्ही माझं वाटोळं केलंत," ती दारातूनच म्हणाली. "गप्प बसला असतात तर एक वाक्य चुकलं असतं. आता मी सगळीच खोटी ठरले. कोणी कामाला ठेवत नाही मला. मावशीच्या दारावर लोक काहीबाही लिहून जातात. तुम्हाला काय, तुम्ही मोकळ्या झालात!"

स्टेनोबाईंनी बाजू मांडली नाही. त्यांना बाजू नव्हतीच. ते वाक्य राहिलं असतं तरी तो सुटलाच असता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण ते त्या पोरीला सांगून काय उपयोग?

"मी मोकळी झाले नाही गं," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्यावरही झालंय हे. मी तुझ्याहून लहान होते. त्या दिवशी नळावर तुला सांगायचं होतं, जमलं नाही."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग उंबऱ्यातच मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. स्टेनोबाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. किती वेळाने कोण जाणे, त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. ताईने दोघींना पाणी दिलं, मुलीला हाताला धरून आत नेलं, गणवेशांचा ढीग बाजूला सारून पलंगावर निजवलं. ती दोन तास मेल्यासारखी झोपली.

उठल्यावर तिने विचारलं, "वरच्या कोर्टात जाता येतं ना?"

"येतं. मुदत अजून आहे. एक वकीलबाई आहेत, त्यांच्याशी बोलले मी. बघते म्हणाल्यात. पण तू हो म्हटल्याशिवाय काही करणार नाही."

"किती वर्षं लागतात?"

खोटं सांगायचं नाही, असं स्टेनोबाईंनी ठरवलं होतं. "पाच. कधी आठही. आणि हरूही शकतो आपण."

"तोवर मी काय करू?"

ताई म्हणाली, "आत्ता दोन घास खाऊन घे. काज-बटणं करता येतात का तुला? मला एकटीला उरकत नाहीये."

"येत नाहीत."

"शिकवीन."

मुलगी जेवली, पण हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. जाताना तिने निकालाची प्रत टेबलावर ठेवली. विसरली की मुद्दाम ठेवली, यावर दोघी बहिणी दोन दिवस वाद घालत होत्या.

गुरुवारी ती परत आली. बरोबर मावशीही होती, आणि मावशीच्या हातात केसचे पिशवीभर कागद होते.