न मोजलेले पाणी

अकरा वाव

अकराचा आकडा काढताना वसराम आडेने श्वास रोखून धरला. चौतीस वर्षांची सवय. हिंगोलीत जमीन मोजणीच्या कचेरीत तो अनुरेखक होता. जीर्ण गावनकाशावर ट्रेसिंगचे कापड पसरायचे, खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची, ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारायचा, पुढचा नकाशा ओढायचा. मुळात बांध वाकडा तर नकलेतही वाकडा. मुळात चूक तर नकलेतही तीच आणि तेवढीच. आपल्या पदरचे काही घालायचे नाही.

निवृत्तीनंतर हे काम आले. कचेरीतले जुने हेडक्लार्क बंडूकाका, त्यांची मुलगी जान्हवी पुण्याला एका संग्रहालयात होती. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी जहाजावरच्या लोकांनी काढलेले कोकणकिनाऱ्याचे नकाशे विटत चालले होते. प्रदर्शनासाठी तिला त्यांच्या हाताने काढलेल्या नकला हव्या होत्या, आणि असा हात आता कुठे राहिला होता? छापील प्रतींची गुंडाळी तिने एसटीने डोंगरकड्याच्या थांब्यावर पाठवली. तिथून वसरामने ती सायकलवर तांड्यात आणली.

जन्मभर त्याने भरलेली जमीन पाहिली होती. गट, बांध, पाणंद, विहीर. या नकाशांत जमीनच कोरी. किनाऱ्यालगत एखादी टेकडी, दोन ताडाची झाडे, की संपले. त्या पांढऱ्यात आत कुठेतरी आपण बसलोय, या विचाराने पहिले दोन दिवस त्याला कसेसेच झाले. आकडे सगळे पाण्यात. जहाजावरचा माणूस वजन बांधलेली दोरी तळाला सोडायचा, वर ओढायचा आणि दोन्ही हात पसरून ती ओली दोरी मोजायचा. एका पसरण्याचा एक वाव.

हे त्याने बायकोला, मिराबाईला सांगितले, तर तिला लगेच कळले. विहिरीची दोरी तीही अशीच मोजायची.

नऊ

पाच ताव झाले. सहावा उलगडला आणि किनाऱ्याचे ते वळण त्याने लांबूनच ओळखले. समुद्र त्याने आयुष्यात एकदाच पाहिला होता, याच खाडीच्या तोंडाशी, आठ दिवस बसून.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा दिपक फुलसिंग मुकादमाबरोबर तिथे जेटीच्या कामावर गेला होता. तो परत आला नाही. बुडाला म्हणाले, पण त्याचे अंगही हाती लागले नाही. फुलसिंग शेजारच्या तांड्यातला. तो येऊन ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, “छातीइतकं पानी व्हतं, काका. तेवढ्यात कोन बुडतं?”

पुढचे तो बोलला नाही. पुढचे तांडा बोलला. पोरगं पिऊन उतरलं असेल, असे काही म्हणाले. काही म्हणाले, त्यालाच जगायचं नसेल.

तेव्हापासून मिराबाई आठ-पंधरा दिवसांनी कालव्यावर जायची. कपडे धुवायला म्हणून जायची आणि छातीपर्यंत भिजून यायची. वसरामने एकदाच विचारले, काहून जाती. ती पदर पिळत म्हणाली, “उभी राहून बगते. पाय टेकतेत. दर बारीला टेकतेत.”

तो तिला अजून ‘दिपकची माय’ अशीच हाक मारायचा. दुसरी कोणती हाक त्याला माहीतच नव्हती.

सात

सहावा ताव साताच्या आकड्यापाशी येऊन चार दिवस तसाच पडून राहिला, म्हणून तिला कळले. पाचव्या दिवशी सकाळी ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“ह्योच का?”

“व्हय.”

“कुठं?”

त्याने दाखवले. ती वाकली. बराच वेळ तिने त्या कागदाला हात लावला नाही.

“किती वाव हाये तिथं?”

हाच प्रश्न चार दिवस त्यालाही पडला होता. जहाजाची वाट तो आकड्यांवरून उतरत आला होता. अकरा. नऊ. सात. आणि सातानंतर जहाज वळून पुन्हा खोल पाण्यात निघून गेले होते. खाडीचे तोंड पांढरेच.

“आकडा न्हाई तिथं. जहाज बाहेरूनच गेलं. कुनी मोजलंच न्हाई.”

मग कचेरीतल्या माणसाने बोलावे तसा तो बोलत राहिला. नकाशा जुना आहे, वाळू सरकते, नंतर आलेल्यांनी मोजले असेल, जेटीसाठी तर खोदलेही असेल. कोऱ्या जागेवरून काही सिद्ध होत नाही. आजच्या पाण्याचे तर नाहीच नाही.

मिराबाईने सगळे ऐकून घेतले.

“फुलसिंगनं तरी कवा मोजलं?” ती म्हणाली.

—

त्या दुपारी त्याने ताव पुरा केला. निब पुसली, पुन्हा शाईत बुडवली आणि खाडीच्या तोंडाशी, त्या पांढऱ्यात, बारीक अक्षरात लिहिले: येथे मोजलेले नाही.

फोटो पाठवल्यावर जान्हवीचा फोन आला. नक्कल फार सुंदर झालीय, पण ती एक ओळ मूळ नकाशात नाहीये, असे ती अवघडून म्हणाली.

“न्हाई. मुळात न्हाई ती,” वसराम म्हणाला. “माझी हाये.”

का लिहिलीत, काका, असे तिने विचारले. दुसरी काढून देतो ताई, बराबर काढतो, एवढेच तो म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी नवे कापड ताणून तो पुन्हा अकरापासून सुरू झाला.

मिराबाईने पहिली नक्कल मागून घेतली. उरलेल्या ट्रेसिंगची एक पट्टी तिने त्या तीन शब्दांवर ठेवली आणि त्याच्याकडे पेन्सिल मागितली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते.

“परत वाचा.”

त्याने वाचून दाखवले.

“फुलसिंग दिवाळीला येतो. त्याच्या हातात देते.”

“मी देतो की लिहून.”

“तुमचं अक्षर कचेरीचं हाये,” ती म्हणाली. “हे माय सांगून राहिली, असं दिसलं पायजे.”

ती जमिनीवर बसली. पहिल्या अक्षराच्या वळणावर पेन्सिल अडली, मागे आली, पुन्हा निघाली. हात दाबून धरावा तर पट्टी सरकत होती, पट्टी धरावी तर अक्षर सुटत होते. वसरामने आपली निब पुसून ठेवली, तिच्याशेजारी खाली बसला आणि पट्टीचा कोपरा दोन बोटांनी दाबून धरला.